जोडून देणारं प्रथिन

आज ग्रब-टू या प्रथिनाबद्दल बोलूया. हे एन्झाइम नाही. लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखं फक्त दोघांना जोडून देतं.

पेशीला बाहेरून ‘वाढ’ असा निरोप आला, की तिच्या आवरणातल्या रिसेप्टरवर फॉस्फेट बसतं. ग्रब-टू एका भागाने ते पकडतं, दुसऱ्या भागाने ‘सॉस’ या प्रथिनाला तिथे आणतं. सॉस मग ‘रास’चं बटण चालू करतं, आणि पेशी विभागू लागते.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार. त्यात असा निरोप आलेलाच नसतो! बीसीआर-एबीएल हे बिघडलेलं प्रथिन स्वतःच्याच १७७व्या जागी फॉस्फेट लावून घेतं, आणि ग्रब-टू नेहमीसारखंच जोडून देतं. उंदरांमध्ये ही एकच जागा बदलली, तर तसा ल्युकेमिया झाला नाही.

म्हणून इमॅटिनिबची गोळी ग्रब-टूला हात लावत नाही. ती बीसीआर-एबीएलचं फॉस्फेट लावणंच थांबवते. दोष मध्यस्थाचा नव्हताच, स्थळ खोटं होतं.

भेटूया पुढच्या भागात.