हेलिकॉप्टरची मोटर आपणच बदलू

कासार आंबोलीहून बोलतेय. आज बचतीचा हिशोब नाही, रिमोटवरचं हेलिकॉप्टर. हसू नका! जत्रेतून आणलेलं हे खेळणं महिन्याभरात माळ्यावर जातं, आणि पुष्कळदा बिघडलेली असते ती बोटाच्या पेराएवढी मोटर.

याला वर पात्यांच्या दोन जोड्या असतात, एकमेकींच्या उलट फिरणाऱ्या. मिक्सर चालू करताना कसा झटका देतो? तसंच इथे. पाती एकीकडे फिरली की धड दुसरीकडे वळू बघतं. दोन जोड्या एकमेकींचा झटका मोडतात, म्हणून ते सरळ उडतं. बॅटरी भरलेली असूनही ते गिरक्याच घेत असेल, तर दोनपैकी एक मोटर दमलेली असू शकते. शेपटीची मोटर वेगळी. ती गेली तर पुढे-मागे जाणं थांबतं.

आधी बॅटरीची पिन सोडवा. स्क्रू वाटीत ठेवा. वायरींचा मोबाइलवर फोटो काढा, हे विसरू नका. मग मोटरच्या दोन्ही वायरी सोडवून भिंतीवरच्या घड्याळाच्या सेलला लावून बघा. फिरलीच नाही किंवा अडखळली, तर बदला. दुकानात जुनी मोटरच घेऊन जा. पुण्यात बुधवार पेठेत, तापकीर गल्लीत असल्या सामानाची दुकानं आहेत. जाडी, लांबी आणि दांड्यावरच्या इवल्या चाकाचे दात मोजून घ्या. एक दात कमी-जास्त चालत नाही. डाग देताना फोटो समोर ठेवा. वायरी उलट लागल्या की मोटर उलटी फिरते.

एवढं का सांगतेय? २०२३ साली मंजूर झालेल्या नमो ड्रोन दीदी योजनेत १५,००० महिला गटांना शेतीचे ड्रोन द्यायचं ठरलं. गटातल्या एकीला उडवायचं १५ दिवसांचं प्रशिक्षण. आणि मदतनीस म्हणून, दुरुस्तीची आवड असलेली गटातली दुसरी सदस्य किंवा घरातली व्यक्ती. आता ही 'घरातली व्यक्ती' कोण असते, ते तुम्हीही जाणता. ती जागा मला आपल्यातल्याच एखादीला हवी आहे. मोठा ड्रोन काही आपण लगेच उघडणार नाही, त्याच्या मोटरीही वेगळ्या, तीन वायरींच्या. पण स्क्रूड्रायव्हर धरायची भीड या खेळण्यावर नक्की मोडेल.

पुढच्या बैठकीला माळ्यावरचं हेलिकॉप्टर घेऊन या. बॅटरी फुगलेली असेल तर मात्र ती चार्जिंगला लावू नका, आणूही नका.