जड मशीन गावात उतरवताना
(आकाशवाणीवरील भाषणाचा मजकूर)

आपल्या वर्धा जिल्ह्यात कपाशीत तुरीचे तास घेण्याची पद्धत जुनी आहे. तूर घरची, पण डाळ विकतची, असे मात्र बरेच ठिकाणी चालत आले. आता शेतकरी गट आणि महिला बचतगट दालमिल, तेलघाणी, मिरची-हळदीची चक्की गावातच बसवू लागले आहेत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने तयार केलेली पीकेव्ही मिनी दालमिल आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. मशीन कोणते घ्यावे, कर्ज कसे मिळवावे, यावर भाषणे होतात. ट्रक गावात आल्यावर ते मशीन खाली कसे घ्यावे, यावर कोणी बोलत नाही. आज तेवढेच बोलतो.

सेलू तालुक्यातल्या एका गावी मी स्वतः हजर होतो. दिवस मावळायला आला होता आणि ड्रायव्हरला परतायची घाई होती. मशीन पाच क्विंटलच्या वर. पोरांनी ट्रकला दोन फळ्या लावल्या आणि खाली ट्रॅक्टरचे जुने टायर टाकले. मी म्हटले, उद्या सकाळी चैनपुली आणू. त्यावर एक जण म्हणाला, "साहेब, आम्ही जिनातल्या गाठी उतरवतो, हे तं काहीच नाही." मी गप्प बसलो. ती माझी चूक. फळीवर मशीन कलले, तसा एका तरुणाने त्याला खांदा लावला. घोटा मोडला. पेरणीचे दिवस त्याने खाटेवर काढले. मशीनचे मोठे चाकही तडकले.

आता गाठीचा हिशेब पाहा. कापसाची एक गाठ साधारण 170 किलोची. पाच क्विंटलचे मशीन म्हणजे तीन गाठींचे वजन, तेही हात-दीड हात जागेत. शिवाय गाठ पडली तर पडली. मशीनचे चाक आणि बूड बहुधा बिडाचे असते. बीड दाबाला टिकते, पण आपटले की तडकते. ती तडक कधी कधी डोळ्यांना दिसतही नाही, चालू केल्यावर दिसते. तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात ठेवा : कलणारे मशीन कोणीही अंगाने अडवायचे नाही. सोडून द्यायचे आणि बाजूला व्हायचे. हे ट्रक येण्याआधीच सगळ्यांना मोठ्याने सांगून ठेवा, कारण त्या क्षणी हात आपोआप पुढे जातो.

वजन बिल्टीवर लिहिलेले असते. दुकानदाराला आधीच फोन करून ते विचारा आणि त्याप्रमाणे साधन ठरवा. जवळपास हायड्रा मिळत असेल तर भाडे देऊन आणा, ते पैसे वाया जात नाहीत. नाहीतर लोखंडी तिपाई आणि चैनपुली आणावी. चैनपुलीवर तिची ताकद कोरलेली असते, ती मशीनच्या वजनापेक्षा चांगली जास्त असावी. काही गावांत चैनपुली घराच्या आढ्याला, नाहीतर निंबाच्या फांदीला टांगतात. तसे करू नका. आढे छपरासाठी असते, आणि वरून हिरवी दिसणारी फांदी आतून पोकळ असू शकते.

ट्रक सपाट, टणक जागी उभा करावा. आपली काळी जमीन पावसाळ्यात चाक गिळते, हे तुम्हाला मी काय सांगू! चाकांना दगडांची उटी लावा. तिपाई ट्रकच्या मागच्या भागावर उभी करा, पायांखाली जाड फळ्या द्या आणि पाय फाकू नयेत म्हणून साखळीने एकमेकांस बांधा. मशीन फक्त वीतभर उचला. मग उटी काढून ट्रक हळू पुढे घ्यायला सांगा, आणि मोकळ्या जागी मशीन खाली सोडा. टांगलेल्या मशीनखाली कोणी जायचे नाही, गुटका सरकवायलाही नाही. गुटके आधीच मांडून ठेवावेत. हुकूम एकाच माणसाचा असावा. दहा जण ओरडू लागले की चैन ओढणारा गोंधळतो.

दोर किंवा पट्टा मशीनच्या बुडाखालून, नाहीतर कंपनीने दिलेल्या कड्यातूनच घ्यावा. शाफ्ट, चाक, वरचे टोपले यांना दोर लावू नका. मोटरवर एक कडी असते, ती फक्त मोटर उचलण्यापुरती. तिने सगळे मशीन उचलू नका. आणखी एक गोष्ट. दोन दोर हुकापासून फार पसरले, म्हणजे जमिनीशी 30 अंशांपर्यंत आडवे झाले, तर प्रत्येक दोरावर पूर्ण मशीनच्या वजनाइतका ताण येतो. म्हणून दोर लांब घ्या, म्हणजे ते उभे राहतील.

सपाट जमिनीवरून खोलीपर्यंत नेताना तीन-चार गोल पाइप खाली टाकून सरकवा. मागचा सुटला की तो उचलून पुढे ठेवायचा, पण टोकाला धरून. बोटे खाली घालायची नाहीत. उतारावर पाइप वापरू नका, मशीन हातातून पळते. पहारीने उचलताना जेवढे उचलले तेवढा गुटका लगेच खाली द्या. ट्रॉलीतून आणले असेल तर हायड्रॉलिकने ट्रॉली उलटून उतरवण्याचा विचारही करू नका.

सही करण्याआधी पेटी चारी बाजूंनी पाहा. फळी मोडलेली, ओल लागलेली, बाण खाली झालेला, असे काही दिसले तर मोबाइलवर फोटो काढा आणि ड्रायव्हरच्या पावतीवर तसे लिहूनच सही करा. ड्रायव्हर कुरकुर करील, करू द्या. नुसत्या कोऱ्या सहीने पुढे भांडायला जागा राहत नाही. अनुदानाचे प्रकरण असेल तर मशीनवरच्या पट्टीचा नंबर बिलाशी जुळतो का, हेही तेव्हाच पाहावे. मार्चअखेरच्या धावपळीत हे हमखास राहून जाते.

पेटी वरून उघडा. खिळे काढलेल्या फळ्या बाजूला टाकून खिळे वाकवा, कारण घरची पोरे अनवाणी तिथेच येतात. यादीप्रमाणे सामान मोजून होईपर्यंत भुसा-कागद फेकू नका. चाव्या, वायसर, लहान बोल्ट त्यातच असतात. शाफ्टवरचे गंजरोधक ग्रीस डिझेलच्या चिंधीने पुसावे, पॉलिश पेपरने घासू नये, आणि तेव्हा बिडी लांब ठेवावी. खालची लाकडी चौकट मशीन पायावर नेईपर्यंत काढू नका. ती काढली की नाजूक बूड उघडे पडते.

पाया खणताना काळी माती काढून मुरूम लागेपर्यंत जा. काळी माती फुगते आणि आटते, तिच्यावरचा ओटा हलतो. मोटर भिजली असेल तर लायसन असलेल्या वायरमनकडून तपासल्याशिवाय बटन दाबू नका. अर्थिंग आणि पट्ट्यावरची जाळी आधी, मशीन नंतर.

आणि ट्रक संध्याकाळी आला तर? ड्रायव्हरला जेवू घाला, त्याची झोपायची सोय करा आणि सकाळी उतरवा. मुक्कामाचे तो जे मागेल, ते गटाच्या खर्चात आधीच धरून ठेवा. एवढे करूनही कोणी दबलाच, तर आधी 108 ला फोन करा. मग पहार घालून, गुटके देत देत वजन उचला. माणसाला ओढू नका.