नखे: आपली आणि लावलेली

वात्स्यायनाने कामसूत्रात देशोदेशींच्या नखांविषयी एक मौजेची नोंद केली आहे. गौड देशातील नखे लांब, हाताला शोभा आणणारी. दाक्षिणात्यांची आखूड, परंतु कामाला टिकणारी. आणि महाराष्ट्रातील मध्यम, म्हणजे दोन्ही गुण थोडेथोडे अंगी असलेली. या अभिप्रायाने मराठी माणसाने सुखावावे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु शोभा हवी की टिकाऊपणा, हा प्रश्न मात्र जुना झालेला नाही. बंगळूरच्या इंदिरानगरात, जयनगरात, ब्रिगेड रोडच्या परिसरात छोट्याशा मेजामागे बसलेली नखांची कारागीर तो रोज सोडवीत असते. तिला तेथे ‘नेल टेक्निशियन’ म्हणतात. शहरातील या कामात मणिपूर, मिझोराम, नागालँड अशा दूरच्या राज्यांतून आलेल्या मुली पुष्कळ आहेत. २०१२ च्या ऑगस्टमध्ये अफवांनी घाबरून ईशान्येकडील हजारो माणसे बंगळूरहून गुवाहाटीच्या गाड्यांत बसली होती, हे अनेकांना आठवत असेल. घरापासून इतक्या लांब येऊन मिळविलेली भाकरी म्हटली की निवडीचे स्वातंत्र्य किती उरते, हेही या प्रश्नात येते.

समोरची बाई हात पुढे करून म्हणते, “लांब करून द्या.” आता कारागिराने काय करावे? बाईच्या नखावर ॲक्रिलिकचे किंवा जेलचे कृत्रिम नख उभारावे, की आहे तेच नख कापून, घासून, तेल लावून नीटनेटके करावे?

कृत्रिम नखाचा जन्म दंतवैद्याच्या हातून झाला, असे सांगतात. १९५४ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे फ्रेडरिक स्लॅक या दंतवैद्याचे नख तुटले आणि त्याने ते दातांच्या कामातील ॲक्रिलिकने सांधले. कल्पना चतुर होती. पुढे तिचा धंदा झाला. प्रारंभी मिथिल मेथाक्रिलेट हे द्रव्य वापरीत. त्याने नखांना व त्वचेला इजा होऊ लागली, तेव्हा १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकन शासनाने त्याविरुद्ध कारवाई केली. आता त्याच्या जागी त्याच कुळातील इतर द्रव्ये आली आहेत.

वास्तविक, दिसणारे नख म्हणजे केराटिनचा निर्जीव पापुद्रा. जिवंत भाग मुळाशी, कातडीखाली असतो. तेथून नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर पुढे सरकते. पार्लरचे सारे अर्थशास्त्र या तीन मिलिमीटरांत सामावलेले आहे! कृत्रिम नख लावले की दोन-तीन आठवड्यांत मुळाशी फट दिसू लागते, ती भरण्यासाठी बाईला परत यावेच लागते. साध्या निगेला आलेली बाई महिन्याने येईल किंवा येणारही नाही. मालक कोणत्या कामाचा आग्रह धरील, हे सांगावयास नको.

ग्राहकाला होणारे नुकसान बहुधा नख लावताना होत नाही, काढताना होते. ॲसिटोनमध्ये शांतपणे भिजविले तर थर मऊ होऊन सुटतो. घाई झालेली बाई मात्र तो घरी ओरबाडून काढते आणि त्याबरोबर आपल्या नखाचाही पापुद्रा निघतो. थराखाली ओल शिरली तर जिवाणू वाढून हिरवट डाग पडतात. जेल सुकविण्याच्या दिव्यांविषयी कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २०२३ साली प्रयोगशाळेतील पेशींवर दुष्परिणाम दाखविला. तो जिवंत माणसाच्या हाताविषयीचा निर्णय नव्हे, हे लक्षात ठेवावे. तथापि हाताला झाकण घालावयास काय हरकत आहे? जेलमधील टीपीओ या द्रव्यावर तर युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून बंदीच घातली.

परंतु ज्या हाताचा विचार सहसा कोणी करीत नाही, तो कारागिराचा. ग्राहकाचा संबंध या द्रव्यांशी महिन्यातून एकदोनदा येतो, तिचा दिवसभर. न सुकलेले जेल कातडीला पुनःपुन्हा लागले की काहींना त्याचे वावडे जडते: बोटांची टोके लाल होतात, खाजतात, भेगाळतात. पातळ हातमोज्यांतूनही ही द्रव्ये थोड्या वेळात पार होतात. आणि एकदा जडलेले वावडे सहसा आयुष्यभर राहते. दातांतील भरण, मोडलेल्या हाडांच्या शस्त्रक्रियेतील सिमेंट यांतही याच कुळातील द्रव्ये असतात, म्हणजे पुढे केव्हातरी दवाखान्यातही अडचण उभी राहू शकते. नखांवर पोट भरणाऱ्या मुलीला हा सौदा फार महाग पडतो.

म्हणून कृत्रिम नख सर्वथा वर्ज्य मानावे काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. लग्नाला उभी राहणारी मुलगी चार दिवस लांब नखे मिरवील, तर त्यात बिघडले काय? नखे कुरतडण्याची खोड असलेल्या एखादीला तो कठीण थर उपयोगीही पडतो. उलट, बंगळूरच्या रुग्णालयांतील परिचारिका आली तर कारागिराने स्वच्छ नकार द्यावा. रुग्णसेवा करणाऱ्यांनी कृत्रिम नखे वापरू नयेत आणि स्वतःची नखे आखूड ठेवावीत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शिकेत सांगितले आहे. चरकाने तर पंधरवड्यातून तीनदा नखे कापावयास सांगितले आहे! जी दिवसभर संगणकावर बोटे चालविते, तिला आखूड नखाचे सुख पटवून द्यावे लागते. आणि जिचे नख आधीच पातळ झाले आहे, तिला थांबण्याचा सल्ला द्यावा लागतो.

हा सल्लाच सर्वांत अवघड. खराब झालेले नख मुळापासून टोकापर्यंत नवे यावयास सुमारे सहा महिने लागतात. तेवढा काळ ती बाई फक्त तेल लावून घ्यायला आणि कडा घासून घ्यायला येईल, किंवा शेजारच्या पार्लरमध्ये जाऊन नवी नखे लावून घेईल.