पाय ठेवणाऱ्यांची गोष्ट : शुसाकू एन्डो आणि त्याची कादंबरी

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आज एका कादंबरीकाराची गोष्ट सांगणार आहे. तो जपानी होता आणि कॅथलिक होता, आणि या दोन्ही गोष्टी एकाच अंगावर नीट बसत नाहीत असं त्याला आयुष्यभर वाटत राहिलं. नाव शुसाकू एन्डो. जन्म 1923, मृत्यू 1996. ख्रिस्ती श्रद्धेवरच्या ऐतिहासिक कादंबऱ्या म्हटल्या की जगभर ज्याचं नाव आधी निघतं, त्यातला हा लेखक.

आता तुम्ही म्हणाल, वसईच्या माणसाला जपानचं काय पडलंय? तर पडलंय. आमच्या वसईचा संत जपानातच मारला गेला.

संत गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज, आई इथली. तरुणपणी जपानला गेला, तिथली भाषा शिकला, मग मकावला व्यापार केला, शेवटी मनिलात फ्रान्सिस्कन झाला आणि दुभाषा म्हणून 1593 मध्ये पुन्हा जपानला आला. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीच्या टेकडीवर 26 जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकलं, त्यात तो होता. त्याआधी त्यांचे कान कापले आणि ऐन थंडीत क्योटोपासून नागासाकीपर्यंत शेकडो किलोमीटर चालवत नेलं. 1862 मध्ये रोमने त्यांना संत म्हणून जाहीर केलं. दर फेब्रुवारीत आमच्याकडे त्याचा सण असतो आणि लहानपणापासून एकच गोष्ट ऐकत आलोय, तो डगमगला नाही.

मला त्याच्यावर कादंबरी लिहायची होती. खरं सांगतो, चार वर्षं धडपडलो. टिपणं काढली, नकाशे लावले, प्रकरणं पाडली. आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात गाडी अडायची. कारण जो माणूस डगमगतच नाही, त्याच्या मनात शिरायला दारच सापडेना. प्रार्थना करून लिहायला बसायचो आणि कागदावर उतरायचं ते प्रवचन. एका फादरांना वाचायला दिलं. ते म्हणाले, "छान आहे, नोव्हेनाला वाचता येईल." कादंबरीकाराला याहून मोठी चपराक नाही!

तेव्हा एन्डो हातात आला.

आईने घातलेला सूट

एन्डोचं लहानपण मांचुरियातल्या दालियनमध्ये गेलं. आईवडिलांचा घटस्फोट झाला आणि 1933 मध्ये आई मुलांना घेऊन जपानला, कोबेला, बहिणीच्या आसऱ्याला आली. मावशी कॅथलिक होती. एकटी पडलेली आई चर्चला जाऊ लागली, तिने स्नानसंस्कार घेतला आणि मग मुलांनाही दिला. एन्डो तेव्हा अकरा-बारा वर्षांचा. धर्मगुरूंनी विचारलं, विश्वास आहे का? बाकीची पोरं म्हणाली, आहे. हाही म्हणाला, आहे. संपलं.

म्हणजे बघा, याच्या श्रद्धेच्या मुळाशी ना दर्शन, ना दृष्टांत. आईने सांगितलं म्हणून. आपल्यापैकी बहुतेकांचं तसंच असतं की.

पुढे तो सांगायचा, की आईने मला एक पाश्चात्त्य सूट घातला. तो अंगावर कधी बसलाच नाही, कुठे ढगळ, कुठे घट्ट. कितीदा वाटलं काढून फेकावा. पण आईने घातलेला, टाकवेना. आणि टाकला तर दुसरं घालायला काही नव्हतं. तेव्हा त्याने ठरवलं, की हा सूट उसवून आपल्या अंगाला बसेल असा पुन्हा शिवायचा. त्याचं लेखन म्हणजे हे शिवणकाम.

युद्धानंतर 1950 मध्ये तो फ्रान्सला, लिओंला शिकायला गेला. युद्धानंतर परदेशी गेलेल्या पहिल्या काही जपानी विद्यार्थ्यांपैकी एक. मोरियाक, बेर्नानोस अशा कॅथलिक कादंबरीकारांचा अभ्यास करायचा होता. वाटलं होतं, ख्रिस्ती देशात गेलो की सूट अंगावर बसेल. झालं उलटंच, तिथे तो अधिक परका वाटला. त्यात क्षयाने गाठलं आणि 1953 मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. त्याच वर्षी आई वारली.

1955 मध्ये अकुतागावा पारितोषिक मिळालं, नाव झालं. पण 1960 च्या सुमारास क्षय पुन्हा उलटला. दोन वर्षांहून जास्त काळ इस्पितळात. तीन मोठ्या शस्त्रक्रिया, एक फुप्फुस गेलं. मरणाच्या दारात पडल्या पडल्या तो प्रार्थना करत होता आणि समोरून काही उत्तर येत नव्हतं. 'मौन' हा शब्द त्याच्याकडे पुस्तकातून आलेला नाही, हे लक्षात ठेवा.

काळे पडलेले ठसे

बरा झाल्यावर तो नागासाकीला गेला. तिथल्या एका संग्रहालयात त्याने 'फुमिए' पाहिली. फुमिए म्हणजे पाय ठेवायची प्रतिमा. जपानात 1614 मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली आणि नंतर अधिकाऱ्यांनी ही युक्ती काढली. लाकडाच्या फळीत येशूची किंवा मारियेची धातूची प्रतिमा बसवायची, जमिनीवर ठेवायची आणि लोकांना एकेक करून तिच्यावर पाय ठेवायला लावायचं. ठेवलास तर घरी जा. नाही ठेवलास तर तुझी चौकशी, छळ, मरण.

एन्डोने पाहिलेल्या फुमिएच्या लाकडी चौकटीवर पायाच्या बोटांचे काळे डाग होते. इतक्या माणसांनी पाय ठेवले, की लाकूड काळं पडलं.

तो घरी आला तरी ते डाग डोक्यातून जाईनात. ही कोण माणसं? पाय ठेवताना त्यांना काय वाटलं असेल? आणि तिथे मी असतो तर काय केलं असतं? या शेवटच्या प्रश्नाचं त्याने स्वतःला दिलेलं उत्तर प्रामाणिक होतं. मी पाय ठेवला असता.

मग तो कागदपत्रं धुंडाळू लागला. आणि इथे ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्या प्रत्येकाने थांबून ऐकावं अशी गोष्ट आहे. जे धैर्याने मेले त्यांच्याबद्दल मिशनऱ्यांची पत्रं आहेत, अहवाल आहेत, नावं-गावं-तारखा आहेत. जे मोडले त्यांच्याबद्दल जवळजवळ काहीच नाही. मोडला की माणूस कागदावरून पुसला जातो. चर्चला त्याची लाज वाटते आणि सरकारला त्याची गरज उरत नाही. एन्डोच्या मनात मौन होतं ते देवाचं. त्यात आता इतिहासाचं मौन मिसळलं. देवाला बोलतं करणं कादंबरीकाराच्या हातात नाही. पण या दडपलेल्या माणसांना बोलतं करणं आहे. हे आपलं काम आहे, असं त्याला वाटलं.

'चिन्मोकु'

1966 मध्ये 'चिन्मोकु' म्हणजे 'मौन' ही कादंबरी आली. नावं ऐका: फरेरा, रॉड्रिग्ज. आमच्या वसईत शाळेच्या हजेरीपटावर सापडतील अशी आडनावं! ख्रिस्तोव्हाव फरेरा हा खराखुरा पोर्तुगीज जेझुइट. वीसहून जास्त वर्षं जपानात काम केलेला, मानाचा माणूस. 1633 मध्ये त्याला खड्ड्यात उलटं टांगलं आणि काही तासांत त्याने धर्म सोडला. युरोपात कुणाचा विश्वास बसेना.

कादंबरीत त्याचा शिष्य रॉड्रिग्ज गोवा, मकाव करत चोरून जपानात उतरतो. गुरूचं खरं काय झालं ते बघायला, आणि वेळ आली तर स्वतः हुतात्मा व्हायला. पण पकडल्यावर त्याला हात लावतच नाहीत. रात्री कोठडीत त्याला घोरण्याचा आवाज येतो, पहारेकरी झोपला असेल असं वाटून तो चिडतो. मग कळतं, ते घोरणं नाही. खड्ड्यात टांगलेल्या शेतकऱ्यांचं कण्हणं आहे. त्यांनी कधीच धर्म सोडलाय. त्यांना टांगलंय ते रॉड्रिग्जने सोडावा म्हणून. आता तू ठरव.

तो पाय ठेवतो. त्या क्षणी प्रतिमेतला ख्रिस्त त्याच्याशी बोलतो आणि पाय ठेव असं सांगतो. कारण तो या जगात आला तोच तुडवला जायला.

आणि एक किचिजिरो आहे. दारुडा, भित्रा, रॉड्रिग्जला विकणारा. दरवेळी पाय ठेवतो आणि दरवेळी रडत पापनिवेदनाला परत येतो. तो म्हणतो, मी दुबळाच जन्माला आलो त्याला मी काय करू? छळ नसता तर मीही चांगला ख्रिस्ती म्हणून मेलो असतो. एन्डो सांगायचा, किचिजिरो म्हणजे मीच.

कादंबरीला तानिझाकी पारितोषिक मिळालं, पण अनेक कॅथलिक मंडळी दुखावली, नागासाकीत तर फारच. त्यांचं म्हणणंही उडवून लावण्यासारखं नाही. आमचे पूर्वज जळत्या खुंटाला बांधले गेले तरी नमले नाहीत, आणि तुम्ही पाय ठेवणाऱ्याला नायक करता? सगळ्यांनीच पाय ठेवला असता तर श्रद्धा टिकली कशी असती?

रास्त प्रश्न आहे. पण याला इतिहासानेच एक उत्तर देऊन ठेवलंय. 1865 मध्ये नागासाकीत ओउरा इथे नवं चर्च उभं राहिलं तेव्हा उराकामी गावची काही माणसं फ्रेंच धर्मगुरूंकडे हळूच आली आणि म्हणाली, तुमचं-आमचं मन एकच आहे. अडीचशे वर्षं, ना धर्मगुरू ना चर्च, तरी ही माणसं लपून ख्रिस्ती राहिली होती. कशी राहिली? दरवर्षी फुमिएवर पाय ठेवून. पाय ठेवायचा, घरी यायचं, पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायची आणि पोराला गुपचूप स्नानसंस्कार द्यायचा. हुतात्म्यांची आठवण त्यांनी जपली, खरंय. पण ती जपायला मागे जिवंत राहिले ते पाय ठेवणारेच.

लिहिणाऱ्यांसाठी

ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्यांसाठी यात एक बारीक गोष्ट आहे. 'मौन'च्या शेवटी एका जपानी अधिकाऱ्याची जुन्या दफ्तरी भाषेतली रोजनिशी आहे. पुष्कळ वाचक ती परिशिष्ट समजून सोडून देतात. सोडू नका. एन्डोने खऱ्या कागदपत्रांच्या आधारे ती रचली आणि मोजक्या जागी बदल केले. त्या रुक्ष नोंदींत, ओळींच्या मधे, रॉड्रिग्ज आतून अजून ख्रिस्ती असावा असं दिसतं. लेखक स्वतः काही सांगत नाही. दफ्तर जिथे गप्प आहे, तिथेच तो माणसाला ठेवतो.

आपल्या मराठी ऐतिहासिक कादंबरीला पराक्रमाची सवय आहे. 'उषःकाल'पासून 'श्रीमान योगी'पर्यंत आपण मोठ्या माणसांवर प्रेम केलं, आणि त्यात गैर काही नाही. पण जो हरला, फितला, शरण गेला, त्याच्या बाजूला बसून त्याचं ऐकायला आपण फारसे गेलो नाही. ख्रिस्ती लेखक म्हणून मला हे जास्त लागतं. ज्याच्या मागे जातो म्हणतो, तो तर अशाच माणसांच्या पंगतीला बसायचा.

एन्डोची शेवटची मोठी कादंबरी 'खोल नदी', 1993 ची, आपल्याकडे वाराणसीत घडते. चर्चच्या शिस्तीत न बसलेला ओत्सु तिथे बेवारस, मरणाला टेकलेल्या लोकांना पाठीवर घेऊन गंगेकडे नेतो. म्हणजे सत्तरीतही शिवणकाम चालूच होतं. एन्डो गेला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे शवपेटीत दोन पुस्तकं ठेवली, 'मौन' आणि 'खोल नदी'.

माझं सांगतो. आमच्या घरी संध्याकाळच्या रोझरीनंतर घरातल्या सगळ्यांची नावं घेऊन प्रार्थना व्हायची. माझ्या एका काकांनी चर्च सोडलं, का सोडलं ते कधी कुणी विचारलं नाही. एके दिवशी त्यांचं नाव त्या यादीतून गळलं. आजी मात्र शेवटी थोडा वेळ गप्प बसायची. मला वाटायचं दमली असेल. एन्डो वाचल्यावर कळलं, ती तेव्हा कुणाचं नाव घेत होती.

कादंबरी पुन्हा सुरू केलीय. गोन्सालो गार्सिया तिच्यात आहे, टेकडीवर आहे, ठाम आहे. पण मी आता खाली गर्दीत उभा आहे. ज्याला क्रुसावर चढायचं धैर्य झालं नाही, जो वर बघतोय आणि घरी जायला निघालाय, अशा एका माणसाजवळ. त्याचं नाव कुठल्याच कागदात नाही. पहिली तीन प्रकरणं झाली, अजून गाडी अडलेली नाही.

तुमच्या घरातही असं एखादं यादीतून गळलेलं नाव असेल. आज प्रार्थनेत ते घ्या. लिहिणारे असाल तर त्यावर लिहा. पुढच्या भागात भेटू.