जुनी मोटार : आधी कागद, मग विसार



मध्यमवर्गीय कुटुंबात घराच्या खालोखाल मोठी खरेदी बहुधा मोटारीची असते, आणि जुनी मोटार पुष्कळदा ओळखीतूनच घेतली जाते. विकणारा नात्यातला अथवा सोसायटीतला. त्यामुळे कागद मागण्याचा संकोच वाटतो. कायदा मात्र ओळख जाणत नाही, त्याला नोंदणीवरील नाव तेवढे कळते.

'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हेच स्पष्ट केले. २००९ च्या अपघातातील ती गाडी तोवर अनेक हातांतून विकली गेली होती, नोंद मात्र मूळ मालकाच्याच नावे होती. भरपाईचे दायित्व त्याच्यावर आले. अशी गाडी घेणाराही अडकतो. कारण हस्तांतरणाच्या फॉर्म २९ व ३० वर विक्रेता म्हणून सही लागते ती नोंदणीकृत मालकाची. समोरचा गृहस्थ तो नसेल, तर विसार देऊ नये.

आता केंद्र शासनाच्या 'एम-परिवहन' अ‍ॅपवर गाडीचा क्रमांक घातला की नोंदणीचा दिनांक, विम्याची मुदत इत्यादी तपशील दिसतो. तो आर.सी.शी ताडावा, चासी व इंजिन क्रमांक गाडीवर प्रत्यक्ष वाचावेत. थकलेली ई-चलाने पाहावीत. कर्जाचा बोजा असेल, तर 'हप्ते फिटले' हे शब्द पुरेसे नाहीत. बँकेचे ना-हरकत पत्र व फॉर्म ३५ देऊन तो आर.टी.ओ.तून उतरवलेला हवा.

खरा इतिहास विमापत्रात दडलेला असतो. पाच-सहा वर्षे एकाच मालकाकडे असलेल्या गाडीवर 'नो क्लेम बोनस' शून्य असेल, तर दावा कशाचा होता, हे विचारावेच. २६ जुलै २००५ च्या प्रलयात मुंबईत असंख्य मोटारी बुडाल्या. तशा गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावा, चिखलाचा डाग तिथे राहून जातो. स्टेपनीखालचा खळगाही पाहावा. किलोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो, म्हणून तो सर्व्हिसिंगच्या जुन्या बिलांशी जुळवावा.

व्यवहार झाल्यावर १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून विमा आपल्या नावे करून घ्यावा. विक्रेत्याचा बोनस मात्र त्याच्याबरोबरच जातो. तो किमतीत धरू नये.