नव्या गांवठाणाचा नकाशा



वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजीं पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्तें बसविण्यांत आली. भंडारा जिल्ह्यांतील पवनी तालुक्यांत तें धरण आज ३३ दारांनिशीं उभें आहे. त्याच्या जलाशयासाठीं भंडारा व नागपूर जिल्ह्यांतील अनेक गांवें उठलीं आणि नवीं गांवठाणें आंखलीं गेलीं. त्या आंखणीविषयींच मला बोलावयाचें आहे.

सरळ रस्ते, काटकोनी भूखंड, शाळा, समाजमंदिर, पाण्याची टांकी. कागदावर उणें कांहींच दिसत नाहीं. परंतु धान पिकविणाराचें घर म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत. मागें सांदवाडी हवी, तणस रचावयास जागा हवी, बंडी वळेल एवढें अंगण हवें. ढिवराला जाळें कोठें वाळवावें आणि डोंगा कोठें बांधावा, हे त्याच्या घराचेच प्रश्न होत. हें सारें नकाशा काढणारास रहिवाशांवांचून कोण सांगणार? आणि तेंहि रेघ ओढण्यापूर्वीं! खुंट्या ठोकल्यावर ग्रामसभा बोलावणें म्हणजे अक्षता पडल्यावर पत्रिका जुळविण्यासारखें आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गांवें नव्या जागीं वसविलीं. चिंचोळ्या गल्ल्या आणि वाडे यांच्या ठिकाणीं रुंद रस्त्यांचीं चौकटीं आलीं, शेजार दुरावला. उलट, जेथें जुनीं घरें मालकांनींच दुरुस्त करावयाचीं होतीं, तेथें महिला मंडळांतील स्त्रियांनीं ‘संवाद साहाय्यक’ म्हणून अधिकारी व गांवकरी यांच्यामध्यें दुवा साधला.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यानें ग्रामसंस्थांशीं विचारविनिमय करून सामाजिक परिणामांचा अभ्यास करणें आवश्यक ठरविलें. मात्र २०१८ सालीं महाराष्ट्रानें कांहीं प्रकल्पांस त्यांतून सूट देण्याची तरतूद केली. त्यांत गरिबांच्या घरबांधणीचे प्रकल्पहि आहेत. म्हणजे ज्यास दुसरें घर घेण्याची ऐपत नाहीं, नेमकें त्यालाच विचारावयाचें राहून जावें, हें मला तरी चमत्कारिक वाटतें.

भंडाऱ्यांत तर जाणत्यांची वाण नाहीं. येथील कोहळी समाजानें जमिनीचा उतार ओळखून गांवोगांवीं तलाव बांधले. नव्या वस्तीची जागा ठरण्यापूर्वीं मोजणीदारानें अशा दोन वृद्धांसह, आणि पाणी भरणाऱ्या दोन स्त्रियांसह, भर श्रावणांत ती एकदां पायीं फिरून पाहावी. पाणी कोठें तुंबतें हें त्यांस दिसेल. मग नकाशा काढावयास घ्यावा.