पोट्टं, ब्रो आणि आजी
(गणेशोत्सवातील भाषण)



मी भाषेचा अभ्यासक नाही. डिप्लोमा करून सरकारी नोकरीला लागलेला माणूस. दिवसभर कचेरीत हिंदीत नोटशीट लिहितो, संध्याकाळी घरी येऊन मराठी बोलतो.

पण घरातली ही मराठी आता रोज बदलते. माझा मुलगा बहिणीलाही ‘ब्रो’ म्हणतो. मुलगी स्कूटी शिकताना पडली, तर पोरं ‘पापा की परी’ म्हणून हसली. मुलांवर सतत घिरट्या घालणारे आईबाप म्हणजे ‘हेलिकॉप्टर पालक’. आणि एकीकडे आईवडिलांचं औषधपाणी, दुसरीकडे पोरांची फी, यात दबलेले आम्ही चाळिशीतले म्हणजे म्हणे ‘सँडविच पिढी’!

या शब्दांचा मला राग नाही. आपली बोलीही शेजारच्या हिंदीकडून घेतच आली. आपण ‘पोट्टं रडून राह्यलं’ म्हणतो, त्यात ‘रो रहा है’ची घडण आहे. पुण्याकडचे ‘रडतंय’ म्हणतात. 1956 मध्ये नागपूर तिकडे गेलं, आपण मध्य प्रदेशात राहिलो. 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. सीमा बदलल्या, बोली घरात टिकली.

मला लागलं ते वेगळंच. गेल्या पोळ्याला माझी आई नातवंडांना म्हणाली, ‘‘पोट्टेहो, कायले कल्ला करून राह्यले?’’ मुलगी म्हणाली, ‘‘आजी, पोट्टे नको ना म्हणू, गावठी वाटतं.’’ आई गप्प झाली. त्या दिवसापासून ती नातवंडांशी तुटक हिंदीत बोलू लागली. आपल्याच घरात तिला शब्द मोजावे लागले.

चूक पोरांची नव्हती. पाहुण्यांसमोर ‘आई, नीट बोल’ असं तिला मीच टोकलं होतं. पोरं ते पाहत होती.

मी आईजवळ चूक कबूल केली. आता रात्री जेवताना आमचा एक नेम आहे. पोरांनी आजीला एक नवा शब्द सांगायचा, आजीनं त्यांना एक जुना. परवा मुलीनं ‘पापा की परी’ समजावून सांगितलं. आई म्हणाली, ‘‘म्हंजे बापाची लाडाची पोट्टी!’’ सगळे हसले, आणि या वेळी आईही हसली.

बालगोपाळांनो, खुशाल ‘ब्रो’ म्हणा. पण घरातल्या आजीला गप्प करू नका. आणि आपण मोठ्यांनी तर मुळीच नाही.

गणपती बाप्पा मोरया!